वर्षालीसाठी घेतलेलं मोठं कॅबिनेट

१२ फेब्रुवारी, बुधवार

वर्षालीचं, माझ्या सुनेचं, मशीन आज पुन्हा बंद पडलं. महिन्यात तिसऱ्यांदा. अजून पायाही न खणलेल्या इमारतीत कॅमेरा फिरवल्यासारखं दाखवतात ना, झाडं, पोहण्याचा तलाव, बाकावर बसलेली गोरीगोमटी माणसं, ते सगळं ती कॉम्प्युटरवर करते. शेवटी मशीनला ते एकट्याला करत बसू द्यायचं असतं, आठ-दहा तास. ती त्याला रेंडर म्हणते, मी शिजत लावणं म्हणते. आज सातव्या तासाला चूल विझली. ती खुर्चीत तशीच बसून राहिली. चिडली नाही, रडली नाही. मी ठेवलेला चहा निवून त्यावर साय धरली.

मशीन नवनाथने, माझ्या मुलाने, जोडलेलं आहे. तो जाऊन आता सव्वा वर्ष झालं. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून. झोपलाय असंच सगळ्यांना वाटलं. बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली.

तिच्या भावाचा, शेखरचा, दुपारी नाशिकहून फोन आला. त्याच्या ओळखीच्या एका आर्किटेक्टकडे नोकरीची जागा आहे म्हणे, माझ्या नातीसाठी, दिव्यासाठी, शाळाही जवळ. वर्षाली नुसती हं हं करत होती.

आडपडदा न ठेवता लिहिते. वाकडच्या एका स्टुडिओने तिला तीन महिन्यांचं मोठं काम देऊ केलंय, घरी बसून करायचं. त्याला दणकट मशीन हवं. मशीन आलं तर काम टिकेल, काम टिकलं तर वर्षाली आणि दिव्या या घरात राहतील. नाहीतर महाळुंग्याच्या या चौथ्या मजल्यावर मी एकटी आणि खाली कंटेनरचे भोंगे. माझ्या फंडाचे पैसे बँकेत पडून आहेत. ते यासाठी नाहीत तर कशासाठी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आकुर्डीला अफताबच्या दुकानात गेलो, मी आणि वर्षाली. अफताब म्हणजे आमच्या नूरमोहम्मदचा धाकटा. भोसरीच्या ज्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली, तिथं नूरमोहम्मद रंगखात्यात होता. आम्ही पॅनेल बनवायचो, म्हणजे कारखान्यांतली विजेची कपाटं. मी सातवी पास, वायर सोलायला लागले आणि निघाले तेव्हा तपासनीस होते. ड्रॉइंग वाचायला कोणी शिकवलं नाही. डब्यातल्या भाकरीखाली घडी करून घरी आणायची आणि नवरा झोपला की पसरायची.

अफताबने आत काय काय बसवायचं ते सांगितलं. दोन ग्राफिक कार्डं, एकेक हातभर लांब आणि तीन बोटं जाड. पाण्याने गार करायची यंत्रणा, तिची जाळी वर टपाला बसते. मोठा बोर्ड. मग म्हणाला, "मावशी, आतलं सामान मी ठरवलंय. डबा तुम्ही ठरवा, पत्र्यातलं तुम्हालाच जास्त कळतं."

डब्याला हे लोक कॅबिनेट म्हणतात. तीन समोर ठेवली होती. एक जवळजवळ दिव्याच्या कमरेला येईल एवढं, पुढून सगळी जाळी. दुसरं तेवढंच, पण पुढून बंद दार, आतून नमदा लावलेला, आवाज होऊ नये म्हणून. तिसरं लहान, वर उचलायला पट्टा. मी टिचक्या मारून पाहिल्या. बंद दाराच्या कॅबिनेटचा पत्रा जाड होता, गोड वाजला. माझा जीव त्याच्यावर गेला. अफताब म्हणाला, "मावशी, तुमच्या पॅनेलला पत्रा लागतो. याला हवा लागते. दोन कार्डं म्हणजे आत दोन शेगड्या पेटल्यात असं समजा."

वर्षाली लहानापाशीच उभी होती. त्यात एकच कार्ड बसेल का, वजन किती, गाडीच्या मागच्या सीटवर मावेल का, असलं विचारत होती. मी म्हटलं, अगं, त्याला काय फिरायला न्यायचंय? अफताब हसला. ती पण हसली, जरा उशिरा.

काहीच न ठरवता परत आलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चार दिवस फोनवर हेच बघतेय. व्हिडिओत एक मुलगा आहे, फार भरभर बोलतो, त्याला थांबवून थांबवून ऐकते. कार्डापुढे तीन बोटं जागा हवी. वरची जाळी आणि बोर्ड यांच्यात चार बोटं. मागच्या बाजूने वायरी न्यायला स्वतंत्र पोकळी हवी. हे सगळं आमच्याकडे वेगळ्या नावाने होतंच. आमच्या कारखान्यात एक नियम होता, पॅनेल कितीही भरलं तरी पाव भाग जागा मोकळी सोडायची. आज गरज नसते, पण गिऱ्हाइकाची वाढ होते. ज्याने जागा सोडली नाही त्याचं पॅनेल दोन वर्षांत बदलावं लागायचं.

त्या हिशेबाने लहानाचा प्रश्नच मिटला.

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मोठ्या कॅबिनेटच्या मापाचा डबा केला आणि टेबलाखाली ठेवून पाहिला. जमतो. दिव्या आत जाऊन बसली, म्हणाली, आजी, मी ग्राफिक कार्ड आहे, मला गरम होतंय. तेवढ्यात वर्षाली आली. ती त्या डब्याकडे बघत राहिली.

"आई, एवढं मोठं? उद्या उचलायचं झालं तर?"

"उचलायचं कशाला? एकदा ठेवलं की ठेवलं."

ती आत जाऊन कणीक मळायला बसली. तिला पैशांचं वाईट वाटतंय. माझ्या फंडाला हात लागतो म्हणून लहान घे म्हणतेय बिचारी. असं मन आता कुठे मिळतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. मोठंच, पण पुढून जाळीचं. बंद दाराचं मी सोडलं, अफताबचा शब्द म्हणून. वर्षाली म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, आई."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मशीन आलं. अफताब सकाळी दहाला आला तो पाचला गेला. वायरी मी बांधल्या. त्याने नको नको म्हटलं, मग माझा हात पाहिला आणि बाजूला सरकून बसला. एकही वायर आडवी जाऊ दिली नाही, सगळ्या एका ओळीत, वळणावर एकसारख्या. म्हणाला, "मावशी, आता हे झाकायचं म्हणजे पापच आहे." बाजूची काच आहे म्हणून बरं, दिसतं सगळं.

टेबलाखाली सरकवायला दोघं लागलो. कंबर अजून दुखतेय. चालू केलं तेव्हा वर्षालीने काचेवर तळहात ठेवला आणि हसली. खरं हसली. सव्वा वर्षात मी पाहिलं नव्हतं. आज मला शांत झोप लागेल.

९ मार्च, रविवार

धूळ. इथं खिडकी बंद ठेवली तरी संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. खाली रस्ता, पलीकडे फाउंड्री, वर काळी बारीक भुकटी. दहा दिवस झाले नाहीत तर मशीनच्या जाळीवर राखाडी थर. ती भुकटी साधी माती नाही, तिच्यात लोखंड असतं.

एक गोष्ट मी घरी कधी बोलले नाही. बावीस वर्षांपूर्वी मी पास केलेल्या एका पॅनेलच्या तळाला वायर जायचं एक भोक उघडं राहिलं होतं. अंगठा जाईल एवढं. त्यातून अशीच भुकटी शिरली, आत ठिणगी उडाली. ज्योतीराम नावाचा वायरमन दार उघडून उभा होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत गेला. दारावर तपासनीस म्हणून माझी सही होती. कोणी मला बोललं नाही, ज्योतीरामसुद्धा नाही. तेव्हापासून उघडं भोक दिसलं की माझे हात शिवशिवतात.

वर्षाली दिव्याला घेऊन बाजारात गेली होती. मी पुढची जाळी काढली, तिच्या आतून गाळणीचं पांढरं कापड लावलं, दुहेरी. तळाच्या फटींनाही तेच, कडेने रबराची पट्टी. हवा जाते, फुंकून पाहिली. जाळी परत बसवली, बाहेरून काही दिसत नाही. वर्षालीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अफताबला विचारा म्हणाली असती, आणि अफताब पोरगाच आहे शेवटी, त्याला फाउंड्रीची भुकटी काय माहीत.

२१ मार्च, शुक्रवार

काम छान चाललंय. मशीन दिवसभर घुमतं. पंख्यांचा आवाज वाढलाय, पण मला तो आवडतो, आमच्या शेडमधल्या मोठ्या पंख्यासारखा. घरात माणसं असल्यासारखं वाटतं.

वर्षाली मात्र हल्ली फोन आला की बाल्कनीत जाते आणि दार ओढून घेते. पंख्यांचा त्रास होत असणार. दिव्याने आज विचारलं, आजी, नाशिकला थंडी जास्त असते का? मी म्हटलं, असते, तुला कशाला? ती म्हणाली, सहज.

४ एप्रिल, शुक्रवार

ऊन तापलंय. दुपारी तीनला मशीन बंद पडलं. नव्या मशीनला काय धाड भरली? अकरा तासांचं शिजवलेलं वाया. अफताब फोनवर म्हणाला, लाइटचा दाब कमी-जास्त होत असेल. मी स्वतः सॉकेट उघडलं, अर्थिंग तपासलं. चोख होतं.

७ एप्रिल, सोमवार

पुन्हा बंद.

११ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा. स्टुडिओला द्यायचं काम चार दिवस लांबलं. तिथल्या बाईचा फोन आला, स्पीकरवर होता. आवाज गोड, बोलणं कोरडं. घरून काम करणाऱ्यांचं असंच होतं म्हणाली.

वर्षाली मला म्हणाली, असू दे आई. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने एकदा तरी भांडं आपटावं असं मला वाटतं. आदळआपट करणारी सून राहते. ही इतकी शांत, की पावलं वाजत नाहीत.

मी सगळा राग अफताबवर काढला. फोन करून नाही नाही ते बोलले. तुझ्या बापाने कधी कच्चा रंग मारला नाही आणि तू मला कच्चा माल दिलास, असंही बोलले. त्याने ऐकून घेतलं. गुरुवारी येतो म्हणाला, त्या दिवशी तशीही दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, सगळं खोलून बघू.

फोन ठेवल्यावर एकदा मनात आलं, ते कापड. पण पॅनेलला आम्ही लावायचोच की. महिनाच तर झालाय. उठून जाळी काढायला पाच मिनिटं लागली असती. उठले नाही. भाजी चिरत बसले.

१७ एप्रिल, गुरुवार

अफताब आला. लाइट नव्हती म्हणून आम्ही मशीन बाल्कनीच्या उजेडात ओढलं. त्याने पुढची जाळी काढली.

कापड पांढरं होतं असं आता कोणाला सांगितलं तर पटणार नाही. तव्याच्या बुडासारखं झालं होतं. त्याने एक टोक धरून ओढलं तर ते वाळलेल्या कातड्यासारखं कडक निघालं. मग त्याने तळाच्या पट्ट्या पाहिल्या. रबर इतकं सरळ कापलेलं, कोपऱ्याला कोपरा जुळवलेला. तसं कापणारं माणूस या घरात एकच आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हातांकडे.

त्याने ते कापड गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. वर्षाली आतून आली, काय निघालं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "भाभी, धूळ धरू नये म्हणून मीच फिल्टर टाकला होता, तो चोक झाला. चूक माझी. आता काही होणार नाही."

मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं नाही. नूरमोहम्मदच्या पोराने माझं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. जिन्यापर्यंत पोचवायला गेले तर म्हणाला, "मावशी, ते रबर काढताना माझी दोन नखं गेली. क्वालिटी मात्र एक नंबर." आणि हसत उतरला. मी जिन्यात बसून राहिले.

१९ एप्रिल, शनिवार

मशीन दोन दिवस अखंड चालतंय. पंखे ऐकूही येत नाहीत. राहिलेलं काम वर्षालीने पाठवून दिलं. संध्याकाळी स्टुडिओचं उत्तर आलं. काम आवडलं, पण पुढचा भाग ते ऑफिसातल्या मुलांकडूनच करून घेणार.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिने ताटं उचलली आणि पाठमोरी उभी राहून सांगितलं. दिव्याची परीक्षा झाली की ती नाशिकला जाणार. शेखरकडे आधी थोडे दिवस, मग जवळच भाड्याने घर बघणार. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? माझ्याच हाताने दोन हात कापड लावून मी घर मोडलं.

२० एप्रिल, रविवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी ती दिव्याचे कपडे घडी घालत होती तेव्हा सांगून टाकलं.

"ते कापड अफताबने नाही लावलं. मी लावलं होतं. तुला न सांगता."

तिचे हात थांबले नाहीत. "मला माहीत होतं, आई."

"अफताब बोलला?"

"नाही. मार्चमध्येच बघितलं मी. पंखे ओरडायला लागले म्हणून जाळी काढली होती."

मला काही कळेना. म्हटलं, "मग काढलं का नाहीस?"

ती दिव्याच्या फ्रॉकचं एकच बटण लावत होती आणि काढत होती.

"त्या दिवशी म्हटलं उद्या काढू. दुसऱ्या दिवशी शेखरला हो कळवलं. मग काढवेना. मशीन चाललं असतं, काम मिळालं असतं, तर तुम्हाला तोंडावर सांगावं लागलं असतं की सगळं असूनही मी जातेय. एवढा पैसा घातलात. मला ते जमलं नसतं."

मी विचारलं, या घरात तुला काय कमी पडलं. विचारायला नको होतं.

"कमी काही नाही. सेकंड शिफ्टची बस रोज खाली थांबते, आई. कितीजण उतरतात ते मी मोजते. रोज."

ती बस मलाही ऐकू येते. त्या वेळेला मी स्वयंपाकघरात नळ सोडते, तिला आवाज जाऊ नये म्हणून. मला वाटायचं ती झोपलेली असते. तिला वाटायचं मला पाण्याची कामं उरलेली असतात. हे मी तिला सांगितलं नाही. आता सांगून काय होणार, ती अजूनच अडकेल.

मी तिच्या शेजारी बसले आणि उरलेले कपडे घडी घातले. रागवायचं कोणी कोणावर? मला आधी वाटलं, माझ्यामुळे जातेय. आता कळलं, माझ्यामुळे थांबली होती. यातलं जड कोणतं, अजून ठरत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

आकुर्डीला जाऊन अफताबची माफी मागितली. तो कानाला हात लावून म्हणाला, तुम्ही माफी मागितली हे अब्बांना कळलं तर मला घराबाहेर काढतील. फरीदाने, त्याच्या आईने, शिरखुर्मा उरलाय म्हणून घरातून डबा पाठवला. ईद होऊन तीन आठवडे झाले, कुठला उरतोय. केला असणार माझ्यासाठी.

निघताना विचारलं, मशीन नाशिकला न्यायचं तर कसं. तो गंभीर झाला. म्हणाला, आहे तसं मुळीच नेऊ नका. ती दोन कार्डं एवढी जड असतात की रस्त्यात हिसका बसला तर बोर्ड फाटेल. लहान कॅबिनेट असतं तर गोष्ट वेगळी. याला सगळं खोलून न्यावं लागेल आणि तिथं पुन्हा जोडावं लागेल.

पाव भाग मोकळी जागा सोडायला लावणारी मीच.

४ मे, रविवार

शेखर येऊन बघून गेला. टेम्पो दहा तारखेचा ठरलाय. भला मुलगा आहे. मला काकू म्हणतो, पाया पडतो. म्हणाला, "काकू, मशीनची काळजी करू नका, तिथं आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, जोडतो तो."

मी मनात धरलं होतं की जोडायला मला नेतील. आमच्याकडे पॅनेल पाठवलं की मागोमाग चालू करून द्यायला माणूस जायचा. गाडीभाडं, राहायची सोय, सगळं गिऱ्हाइकाचं. मी दोनदा सोलापूरला गेले होते. वर्षालीने माझ्याकडे पाहिलं, तिला काहीतरी बोलायचं होतं. पण भावाच्या घरी, परक्या जागेत ती मला कुठल्या तोंडाने ये म्हणणार? मी लगेच म्हटलं, चांगलं झालं, माझी कंबर धड नाही.

८ मे, गुरुवार

लाइट नव्हती. खोलायला घेतलं.

भोसरीहून फेरूल आणले, वायरीच्या टोकाला घालायच्या नंबराच्या बारीक नळ्या. वायरीला जो नंबर, तोच ती जिथं बसते तिथं. मग ज्याने ते पॅनेल जन्मात पाहिलं नाही त्यालाही जोडता येतं. आम्ही पाठवलेल्या पॅनेलबद्दल वर्षानुवर्षं कोणाचा फोन येत नसे, आणि त्याचा आम्हाला गर्व होता.

पहिल्या दहा वायरींना नंबर घातले आणि अकरावीला हात थांबला. पंख्यांच्या वायरी सगळ्या सारख्या दिसतात. त्यांना नंबर घातला नाही तर त्या पोराला कळणार नाही. वर्षालीला मला फोन करावा लागेल. व्हिडिओ लावेल, दिव्या मध्ये डोकं घालेल, मी म्हणेन, ती नाही, तिच्या डावीकडची. अर्धा तास सहज जाईल. बरेच दिवस लागले तर बरेच दिवस.

नळ्या मुठीत धरून किती वेळ बसले कोण जाणे. दिव्या येऊन शेजारी टेकली. म्हणाली, आजी, मी वाचून दाखवू नंबर?

तिने वाचले, मी घातले. अकरापासून छत्तीसपर्यंत, सगळे. कागदावर चित्र काढून कोणत्या नंबराची वायर कुठे, तेही मोठ्या अक्षरात लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवलं. कार्डं गोधडीच्या तुकड्यांत गुंडाळून खोक्यात ठेवली. रिकामं कॅबिनेट मी एकटीने उचलून दाराशी नेलं. उचललं जातं की.

१० मे, शनिवार

गेल्या. टेम्पो सकाळी सातला, त्या शेखरच्या गाडीतून आठला. वर्षाली पाया पडायला वाकली ती पटकन उठेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दिव्याला गाडीत खिडकी मिळाली म्हणून ती खूष होती.

दिवसभराचं काही लिहीत नाही.

११ मे, रविवार

पोचल्याचा फोन काल आला होता. मशीन आज जोडणार म्हणाली. मी नऊपासून फोन चार्ज करून, चष्मा पुसून, माझ्या चित्राची दुसरी प्रत पुढ्यात घेऊन बसले. अकरा वाजले. बारा वाजले. भाताचा कुकर लावला आणि शिट्टीत रिंग ऐकू येणार नाही म्हणून बंद केला.

सव्वाला मेसेज आला. फोन नाही, मेसेज.

'आई, मशीन चालू झालं. इथला पोरगा म्हणतो असं काम त्याने कधी पाहिलं नाही. तुमचे नंबर बघून पाऊण तासात सगळं जोडलं. एकदाही काही विचारायला लागलं नाही.'

दोनदा वाचला. मी लिहिलं, छान. आणखी काहीतरी लिहावं म्हणून बोट तसंच धरून ठेवलं, पण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग कुकर परत लावला.